आखडता हात

आप्पांची चिमूट मी एकदा वजन करून बघितली. शेजारी सराफीचा व्यवसाय आहे, त्यांच्याकडून छोटा काटा मागून आणला, त्यावर कागद ठेवला आणि आप्पांना म्हटलं, "माशांना घालता ना, तेवढं यावर घाला." त्यांनी अंगठा आणि दोन बोटं डब्यात बुडवली, लाल दाणे उचलले, कागदावर सोडले. भाजीत मीठ घालताना घेतो तशी ती चिमूट नव्हती. प्रसादाची साखर दुसऱ्याच्या हातावर ठेवताना देणाऱ्याची बोटं आपोआप सैल होतात, तशी होती. काट्यावर आकडा आला 1.2 ग्रॅम.

त्या रविवारी मी कुठे गेले नाही. घरात वावरत नुसती मोजत राहिले. सकाळी चहाच्या आधी एकदा. आंघोळ, देवपूजा झाल्यावर एकदा. पेपर वाचून झाल्यावर, जेवायला बसण्याआधी, दुपारची झोप झाल्यावर, दिवेलागणीला. सहा वेळा. म्हणजे सात ग्रॅमच्या वर. आमच्या तीन फुटी टाकीत तेव्हा चार गोल्डफिश होते, प्रत्येकी फार तर पंचवीस ग्रॅमचे. वाढ झालेल्या माशाला दिवसाला त्याच्या वजनाच्या एक ते दोन टक्के खाणं पुरतं. चौघांना मिळून दोन ग्रॅम म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि तरी प्रत्येक वेळी आप्पा काचेपाशी वाकून म्हणायचे, "भुकेलेत गं. बघ कसे येतात!"

मासे येत होते हे खरं. आप्पा खुर्चीतून उठले की चौघंही टाकीच्या उजव्या कोपऱ्यात गोळा व्हायचे, तोंडं उघडमीट करत, अख्खं अंग हलवत. गोल्डफिशच्या लक्षात तीन सेकंदांपलीकडे काही राहत नाही असं कुणीतरी कधीतरी उठवून दिलंय, ते साफ खोटं आहे. खाण्याची वेळ, डब्याच्या झाकणाचा आवाज, घालणाऱ्याचा हात हे त्यांच्या महिनोन्‌महिने लक्षात राहतं. मी समोर गेले तर ते येतात, पण आप्पा गेले की धावतात. तासाभरापूर्वी आपण यांना घातलं होतं, हे आप्पांच्या मात्र लक्षात नसायचं. डॉक्टरांनी त्यांच्या आजाराचं नाव आम्हाला सांगितलं, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

आप्पा कारखान्यात फिटर होते. चाळीस वर्षं व्हर्नियर कॅलिपर हातात धरलेला माणूस. मिलिमीटरचा पन्नासावा भाग त्यांना नुसत्या बोटांना कळायचा असं त्यांचे सहकारी सांगत. म्हणून ती सैल झालेली चिमूट मला काट्यावर बघवली नाही.

गोल्डफिशला जठर नसतं. मला हे वाचून कळलं तेव्हा मी पुन्हा टाकीपाशी जाऊन त्यांच्याकडे बघत बसले होते. घशात दातांच्या ओळी असतात, तिथे घास चिरडला जातो आणि तिथून थेट लांबलचक आतड्यात. मध्ये साठवणीची पिशवीच नाही. आपण जेवतो, पोटात चार-पाच तासांची बेगमी होते, मग दुसऱ्या उद्योगाला लागतो. ती सोय या माशाला नाही. याचे पूर्वज चीनमधल्या तळ्यांतले, कार्पच्या कुळातले साधे करडे मासे. हजारएक वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्यांतली सोनेरी निपजलेली पिल्लं वेगळी काढून वाढवायला सुरुवात केली. रंग बदलला, शेपटीचे झालर-पदर झाले, काहींचे डोळे बाहेर आले, पण आतडं त्या करड्या माशाचंच राहिलं. दिवसभर चिखलात तोंड घालून हिंडायचं, एखादी अळी, शेवाळाचा तुकडा, कुजलेलं पान, जे मिळेल ते कणाकणानं खायचं, यासाठी घडलेलं. त्यामुळे तो सतत शोधत असतो. त्याला आपण भूक समजतो.

हे शोधणं जवळून बघण्यासारखं असतं. गोल्डफिश खाली वाकतो, तळातली वाळू तोंडभर घेतो आणि थांबतो. तोंड मिटलेलं, गाल हलतायत. टाळ्याला एक मऊ गादी असते, तिच्यावर चवीच्या कळ्याच कळ्या. त्या गादीनं तो खडे चाचपतो. मग खडे थुंकून देतो आणि त्यातला खाण्याचा कण तेवढा आत राहतो. सुपात तांदूळ निवडणारी बाई खडा बाजूला सारते, इथे तांदूळ राहतो आणि सगळी रास बाहेर पडते. त्याच्या मेंदूचा बराच मोठा भाग या एका कामासाठी राखलेला असतो. दिवसातून शेकडो वेळा हे चालतं. ज्या टाकीच्या तळाला वाळूच नसते, नुसती काच असते, तिथला गोल्डफिश या कामाला मुकतो, आणि मला वाटतं हे त्याला कमी खाणं घालण्याहून वाईट आहे.

पण हे सगळं घरात सांगायचं कसं? आमच्या घरात वाढणं म्हणजेच माया. आई होती तोवर "बास" या शब्दाला आमच्या स्वयंपाकघरात किंमत नव्हती. "अगं, अर्धीच पोळी" म्हणत ती अख्खी वाढायची. पाहुणा उठताना म्हणायचा "फार झालं", तेव्हा तिला पावल्यासारखं वाटायचं. हात आखडता घेणं ही आमच्याकडे शिवी होती. आप्पा आयुष्यभर त्या आग्रहाच्या खालच्या बाजूला बसले. ती गेल्यावर त्यांच्या हातून वाढून घेणारं घरात दुसरं कुणी उरलं नाही, हे चार मासे सोडून.

टाकी आणली ती माझ्या मुलासाठी, तो चौथीत असताना. नाशिकमधल्याच एका दुकानातून. दुकानदारानं काचेची टाकी, फिल्टर, प्लॅस्टिकचं झाड आणि सहा मासे एकाच दिवशी दिले आणि सांगितलं, दिवसातून तीन वेळा खायला घाला, पाणी गढूळ झालं की सगळं बदला. आम्ही आज्ञेबरहुकूम केलं. चौथ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. सगळं ओतून नवीन भरलं. पुन्हा पांढरं. पुन्हा बदललं. सहाव्या दिवसापासून मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढायला लागले आणि तीन आठवड्यांत सहापैकी पाच गेले. मुलगा दर वेळी तुळशीखाली खड्डा करायचा. पाचव्या वेळी तो मला म्हणाला, "आई, आपण यांना मारतोय का?" त्या प्रश्नानं मी वाचायला लागले.

उत्तर होतं, हो. माशाला घातलेलं खाणं टाकीतून कुठे जात नाही. आपल्या शरीरातला प्रथिनांचा चोथा मूत्रपिंडातून युरिया होऊन बाहेर जातो. मासा तो अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांतून, श्वासाबरोबर, पाण्यातच सोडतो. जे खात नाही ते तळाला कुजतं आणि त्याचाही अमोनियाच होतो. नदीत, तळ्यात हा अमोनिया फस्त करणारे जीवाणू दगडादगडावर असतात. एक जमात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, जे त्या मानानं निरुपद्रवी असतं आणि वनस्पती ते खत म्हणून उचलतात. नव्या टाकीत या जमाती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या फिल्टरच्या स्पंजात, वाळूवर, काचेवर घर करतात. आम्ही दर दोन दिवसांनी क्लोरीनच्या नळाच्या पाण्यानं सगळं खसाखसा धूत होतो, म्हणजे जी थोडीफार वस्ती बसत होती ती पुसून टाकत होतो. आणि वर दिवसातून तीन वेळा अमोनियाचा कच्चा माल ओतत होतो.

आप्पांच्या चिमटींचे दिवसाचे सात ग्रॅम मी याच हिशेबात बसवून बघितले. डब्यावर प्रथिनं 40 टक्के लिहिलेली. सात ग्रॅमात 2.8 ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे जवळजवळ 0.45 ग्रॅम. आमच्या टाकीत शंभर लिटर पाणी. काही माशाच्या अंगी लागेल, काही विष्ठेत अडकून राहील, म्हणून निम्माच धरला तरी रोज लिटरमागे दोन मिलिग्रॅमहून जास्त नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात उतरणार. चांगली मुरलेली टाकीसुद्धा याखाली दबून जाते. आमच्या नळाच्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास भरतो. पीएच चढा असला आणि पाणी कोमट असलं की अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याच चिमटीचा जास्त जहरी परिणाम होतो. डिसेंबरात उलटी अडचण. नाशिकची थंडी घरात शिरते, टाकीतलं पाणी अठरा-एकोणीस अंशांवर येतं. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार. त्याचं पचन मंदावतं, भूक उतरते. तेव्हा उन्हाळ्याइतकं घालणं म्हणजे तापात माणसाला पुरणपोळी वाढणं.

मग मी शिकत गेले, आणि मुलापेक्षा जास्त गोडी मला आणि आप्पांना लागली. तो जो एक मासा त्या पहिल्या खेपेतून वाचला होता तो पुढे सात वर्षं जगला.

खाण्याचंच सांगायचं तर आधी मी ज्याला हात लावला ते ट्यूबिफेक्स. क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या दुकानांपुढे परातीत लाल केसांच्या गुंत्यासारखं काहीतरी थिजलेलं दिसतं, बोट लावलं की सगळा गुंता एकदम आक्रसतो. ते जिवंत किडे. मासे त्यावर अक्षरशः तुटून पडतात, अंगही छान भरतं. पण हे किडे वाढतात सांडपाण्याच्या गाळात आणि तिथले रोगजंतू सोबत घेऊन येतात. वाहत्या पाण्यात दोन-तीन दिवस धुतल्याशिवाय ते टाकीत सोडू नयेत. मी आता आणतच नाही. गोठवलेल्या किंवा सुकवलेल्या अळ्यांचे तुकडे मिळतात, ते महिन्यातून दोनदा.

पूर्वी फारसा पर्याय नव्हता. 1950च्या दशकात जर्मनीत उलरिख बेन्श यांनी टेट्रामिन हे पापुद्र्यांसारखं कोरडं खाणं बाजारात आणलं आणि मासे पाळणं घरोघरच्या माणसाच्या आवाक्यात आलं. त्याआधी छंदिष्ट लोक जाळी घेऊन डबक्यांमागे हिंडायचे. पण पापुद्रा पातळ, त्यामुळे पाण्यात पडल्या पडल्या त्यातली विरघळणारी जीवनसत्त्वं निघून जायला लागतात. क जीवनसत्त्व त्यात पहिलं. आपल्यासारखंच बहुतेक माशांनाही ते शरीरात तयार करता येत नाही. ते खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि मिळालं नाही तर कणा वाकतो, जखमा भरत नाहीत. पाठ वाकडी होण्याला दुसरीही कारणं असतात, आनुवंशिक किंवा माशांच्या क्षयाची, म्हणून प्रत्येक वाकडा मासा उपाशी होता असं मी म्हणणार नाही. पण दुकानात उन्हात टांगलेल्या, ना नाव ना तारीख अशा पिशवीतलं सुट्टं खाणं बघितलं की मला त्यात क जीवनसत्त्व औषधालाही उरलेलं नसणार हे कळतं. उष्णता, हवा, ओलावा या तिन्हींनी ते मरतं. म्हणून डबा लहान घ्यावा, ओल्या बोटांनी उचलू नये, तीन-चार महिन्यांत संपवावा. किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेणं हे मसाल्याच्या बाबतीत आपण कधी करणार नाही, माशांच्या बाबतीत करतो.

रंगाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. माशाचा लाल-केशरी रंग त्याचा स्वतःचा नसतो. कॅरोटिनॉइड नावाची ती रंगद्रव्यं मासा मुळातून बनवू शकत नाही, ती कुणाच्या तरी अंगातून त्याच्या अंगात येतात. शेवाळातून कोळंबीत, कोळंबीतून माशात. गोल्डफिशला एवढं जमतं की झेंडूच्या पाकळीत, मक्यात असतं ते पिवळं झिॲक्सँथिन घेऊन तो त्याचं लालसर ॲस्टाझँथिन करतो. दसऱ्याला आमच्या दारावरचं तोरण उतरवलं की औषध न फवारलेल्या, गच्चीतल्या कुंडीतल्या फुलांच्या पाकळ्या मी सावलीत वाळवून ठेवते. सुका जवळा असतोच घरात. तो दोनदा भिजवून मीठ काढायचं, उकडलेले मटार, पालक, चिमूटभर झेंडूची पूड, सगळं वाटून चायना ग्रासमध्ये घट्ट करायचं आणि वड्या पाडायच्या. कोरडा दाणा आतड्यात जाऊन फुगतो तसं याचं होत नाही. आखूड, गोल अंगाच्या गोल्डफिशला हे फार मानवतं. त्यांचं पोट तटलं की तोल जातो, मासा एका कुशीवर किंवा पालथा तरंगायला लागतो. त्याला प्रत्येक वेळी खाणंच जबाबदार नसतं, पण एक दिवस उपास आणि मग सोललेला उकडलेला मटार एवढ्यानं सरळ झालेले मासे मी बघितलेत.

सगळ्या माशांना एकच डबा हे मात्र मला पटत नाही. गोल्डफिशला तीसएक टक्के प्रथिनं पुरतात, फायटरसारख्या किडे खाणाऱ्याला चाळीसच्या वर हवीत. ऑस्करसारख्या शिकारी माशांना लोक हौसेनं जिवंत गोल्डफिश चारतात. मला ते बघवत नाही, आणि शिकारी माशालाही ते सोसत नाही. गोल्डफिशच्या कच्च्या मांसात थायमिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्वाचा नाश करतं. आणि सकर! "हा काच साफ करतो, याला वेगळं काही लागत नाही" असं सांगून तो विकला जातो. बिचारा काचेवरचं शेवाळ चार दिवसांत संपवतो आणि मग वाळत जातो. रात्री दिवा मालवल्यावर त्याला काकडीची, दुधीची फोड हवी असते. आणि नीट जगला तर तो फूटभर वाढतो, मग लोक त्याला नदीत नेऊन सोडतात. उजनीच्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यांत आज सकर येतात ते असेच कुणाच्या तरी दिवाणखान्यातून.

आप्पांनी या सगळ्यात मनापासून भाग घेतला होता. मुलानं शाळेतून गप्पी आणले, आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदांत, विहिरींत सोडतात तेच, आणि महिन्याभरात पिल्लं झाली. पिल्लांना खायला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, उबवायचं ठरलं. आप्पांनी शीतपेयाची बाटली बूड कापून उलटी केली, तिला लोखंडी पट्टीचा स्टँड करून दिला, तळातून हवेची नळी आणली. एक लिटर पाणी, पंचवीस ग्रॅम खडेमीठ, आर्टेमियाची अंडी चमच्याच्या टोकावर. ही अंडी म्हणजे तपकिरी पूड, एकेक दाणा पाव मिलिमीटरचा, वर्षानुवर्षं कोरडी राहून जिवंत राहणारी. मिठागरांतला हा जीव. वडाळ्याच्या मिठागरांतही तो सापडल्याची जुनी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी हवा बंद केली, बाटलीच्या तळाशी टॉर्च धरला आणि आम्हाला हाक मारली. उजेडाकडे केशरी धूर सरकत खाली येत होता. भिंग लावल्यावर कळलं, तो धूर नव्हता, तीन तीन जोड्या हातपाय मारत पोहणारे जीव होते. पोटात आईनं बांधून दिलेली शिदोरी, तिच्यावरच ते पहिले काही तास जगतात. ती संपायच्या आत पिल्लांना घातलं तर सत्त्व पुरेपूर मिळतं, म्हणून उशीर करायचा नाही. आप्पांनी मलमलच्या फडक्यात गाळून, गोड्या पाण्यात खळबळून, ड्रॉपरनं मोजून थेंब घातले. "तीन थेंब. जास्त नाही," ते माझ्या मुलाला म्हणाले होते. पिल्लांची पोटं बघता बघता केशरी झाली, कातडीतून दिसत होती.

तोच हात.

डब्याला आधी मी कुलूप घातलं नाही, फक्त वरच्या कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी टाकीत पोळीचे तुकडे तरंगत होते. मी काही बोलले नाही, जाळीनं काढले. मग खारी. मग एकदा दहीभात. मी चिडले. "आप्पा, मरतील ते!" आप्पा गप्प झाले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "उपाशी ठेवायचं का मग? दारात आलेल्याला?"

त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी शिकवलं होतं माशांना कणकेच्या गोळ्या घालायला. अडीअडचणीत कुणीतरी सांगतंच, माशांना कणीक घाला. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीला वरदायिनीच्या डोहात देवाचे मासे आहेत, कुणी त्यांना गळ लावत नाही. काठावरून मुरमुरे टाकले की पाण्याचा रंग बदलतो इतके महाशीर वर येतात. आप्पा आम्हाला घेऊन गेले होते. पुण्य म्हणून असो की दुसऱ्या कशासाठी, माशांना चारणं आपल्याकडे फार जुनं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य तिसऱ्या सोमेश्वरानं मानसोल्लासात मत्स्यविनोदाचं एक प्रकरण घातलं, त्यात कुठल्या जातीच्या माशाला काय चारावं हे लिहून ठेवलंय. तिथे हेतू गळ टाकण्याआधी मासे जमवण्याचा होता, पण चारणाऱ्यानं माशागणिक निवड केली होती. आणि या सगळ्यांच्या पायाशी नदी होती. मूठभर टाका, पसाभर टाका, पाऊस येतो आणि डोह धुऊन नेतो. आमच्या काचेत पाऊस येत नाही. आप्पांच्या मनातली टाकी डोहाएवढी होती, हे मला तेव्हा उमगलं.

त्यांची बालपणाची आठवण अजून शाबूत आहे. तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांच्या वडिलांनी त्यांना चर्नी रोडला उतरवून ते दाखवलं. कुठल्या काचेमागे कासव होतं हे ते आजही सांगतात. वडिलांनी उचलून धरलं होतं, आणि त्यांनी विचारलं होतं, "बाबा, यांना जेवायला कोण घालतं?" बाबांनी सांगितलं होतं, "आहे एक माणूस."

दहीभातानंतर चार दिवसांनी चौघांतला काळा, मूर जातीचा गोल्डफिश गेला. सकाळी पाणी पांढरं होतं, बाकीचे तिघं वर तोंड काढून होते. मी निम्मं पाणी बदललं, क्लोरीन मारायचं औषध घातलं, हवेचा दुसरा दगड सोडला. संध्याकाळपर्यंत ते सावरले. आप्पांनी मूरचं विचारलं नाही. त्यांनी टाकीकडे बघत बोटांवर मोजलं, एक, दोन, तीन, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा जठराची गोष्ट मला उलट्या बाजूनं आठवली. ज्याला साठवणीची जागा नाही त्याला एकदा भरपूर घालण्यापेक्षा थोडं थोडं, बऱ्याच वेळा घातलेलं चांगलं. म्हणजे दिवसातून पाच-सहादा उठून त्यांच्यापाशी जाणं, ही आप्पांची सवय माशाच्या अंगाला धरूनच होती. मीच ती मोडायला निघाले होते. चुकत होती ती फक्त चिमूट.

आप्पांच्या औषधांची डबी असते तशी दुसरी आणली. सात दिवस, दिवसाला चार कप्पे. त्यांची पांढरी, ही हिरवी, आणि दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत, कारण गल्लत झाली तर ती माशांपुरती राहणार नाही. हिरवीवर मोठ्या अक्षरांत "मासे" लिहिलं. रविवारी रात्री मी आणि आप्पा जेवणाच्या टेबलावर बसून ती भरतो. तीन मिलिमीटरचे दाणे, माशामागे चार, म्हणजे कप्प्यात बारा. आप्पा मोजतात. एकेक दाणा नखानं पुढे सरकवतात, बारा झाले की थांबतात, बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघतात, मी मान हलवली की कप्प्यात सोडतात. मला ते कारखान्यातले आप्पा दिसतात तेव्हा. हिवाळ्यात आठच. कधी दाण्यांऐवजी मी फ्रीजमधली वडी देते, ती ते सुरीनं अशी चिरतात की तिन्ही तुकडे सारखे.

कप्पा रिकामा दिसला की घातलेलं आहे, हे त्यांना कळतं. आठवावं लागत नाही. कधी ते उठतात, डबी बघतात, दुपारचा कप्पा रिकामा असतो, आणि ते नुसते काचेपाशी जाऊन उभे राहतात. मासे येतात. खाणं नसलं तरी येतात.

गुरुवारचे चारही कप्पे आम्ही रिकामे ठेवतो. आठवड्यातून एक दिवस लंघन गोल्डफिशला चांगलं, तळातलं शेवाळ, राहिलेले कण ते स्वतः शोधून खातात, वाळू उकरतात. आप्पांचा दत्ताचा उपास गुरुवारी, पन्नास वर्षांचा, तो त्यांना अजून कुणी सांगावा लागत नाही. परवा सकाळी मी स्वयंपाकघरात साबुदाणा परतत होते, तेवढ्यात बाहेरून त्यांचा आवाज आला. त्यांनी हिरवी डबी उघडी करून काचेला लावली होती, रिकामा कप्पा माशांकडे करून.

"आज गुरुवार आहे रे," ते त्यांना सांगत होते. "माझाही आहे."